बोटांची भरपाई आणि व्याजावरचा टीडीएस: एका पॉवर प्रेस ऑपरेटरचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले व्यक्तिगत तपशील बदलले आहेत. दोन-तीन पक्षकारांचे अनुभव एकाच माणसाच्या नावावर घातले आहेत. कायदा आणि हिशेब मात्र जसाच्या तसा आहे. आयकराच्या कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलले, पण हे प्रकरण आर्थिक वर्ष २०२३-२४ चं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एक जोडपं भोसरीतल्या माझ्या कार्यालयात आलं. नवऱ्याने उजवा हात खिशात ठेवला होता आणि बोलत होत्या त्या वहिनी. त्यांनी पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं: ११,९८,९१३ रुपये जमा.

"भाऊ, लेबर कोर्टाने सांगितलेले पैसे बारा लाख शहात्तर हजार होतात. अठ्ठ्याहत्तर हजार कुणी खाल्ले?"

कुणी खाल्ले नव्हते. कारखान्याच्या विमा कंपनीने ७८,०३६ रुपये टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापून सरकारजमा केला होता. पण हाताची बोटं गेल्याचे पैसे आणि त्यावर इन्कम टॅक्स, हे दोन शब्द एका वाक्यात आले की कुणाचंही डोकं फिरेल. त्यांचं फिरलंच होतं. सायबर कॅफेवाल्याने सांगितलं होतं, "हे सगळं करमुक्त असतं, रिटर्नच भरू नका." नात्यातल्या एका बँकवाल्याने सांगितलं होतं, "बारा लाख आलेत म्हणजे तीस टक्के लागणार." दोघंही चूक होते आणि दोघांचं ऐकलं असतं तरी नुकसानच होतं.

अपघात आणि आकडेमोड

१० फेब्रुवारी २०२०, रात्रपाळी. पॉवर प्रेसवर पत्र्याचे तुकडे काढण्याचं काम चालू होतं. सेन्सर कित्येक दिवस बंद होता, फूट पेडलवर मशीन चालू होती. पत्रा सरकवताना प्रेस खाली आला आणि उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा वाचला. वय ३५, पगार २२,००० रुपये.

या २२,००० मध्येच पहिली मेख आहे. एप्रिल २०१९ मध्ये पगारवाढ झाली आणि ते २१,००० ची ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) मर्यादा ओलांडून बाहेर पडले. ईएसआयमध्ये असते तर कारखान्यावर १९२३ च्या कायद्याखाली दावाच करता आला नसता, पण महिन्याच्या महिन्याला अपंगत्वाचा लाभ आयुष्यभर मिळाला असता. पगारवाढीच्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते म्हणे.

ईएसआय नाही म्हटल्यावर उरला तो पूर्वीचा कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३. २०१० पासून त्याच्या नावात कामगारऐवजी कर्मचारी आलं. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण अपघात त्याआधीचा.) या कायद्यात भरपाई मनाने ठरवायची नसते. ती कोष्टकात बसवून काढायची असते. पूर्ण कायम अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. पस्तिशीचा गुणांक १९७.०६. वेतन प्रत्यक्षात कितीही असलं तरी हिशेबाला कमाल १५,००० धरायचं. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून लागू झाली, त्याआधी ती ८,००० होती. म्हणजे अपघात साडेपाच आठवडे आधी झाला असता तर रक्कम जवळपास निम्मी झाली असती.

१५,००० चे ६० टक्के ९,०००. गुणिले १९७.०६ म्हणजे १७,७३,५४०. आता कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बघायचं: एका हाताची चार बोटं जाणं म्हणजे कमाईच्या क्षमतेत ५० टक्के घट. म्हणून ८,८६,७७० रुपये. उजवा हात की डावा, हे अनुसूची विचारत नाही.

ही रक्कम अपघातानंतर महिन्याभरात द्यायला हवी होती. विमा कंपनी म्हणाली, कामगाराने स्वतःच सुरक्षा जाळी काढली. मालक म्हणाला, विमा कंपनीकडे जा. मध्ये कोरोना आला. अशा अर्जाचा निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायदाच सांगतो, इथे १० ऑगस्ट २०२३ उजाडला. आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून काम बघतात. त्यांनी मूळ भरपाई मंजूर केली, अपघाताच्या तारखेपासून दरसाल १२ टक्के सरळ व्याज लावलं आणि पैसे विनाकारण अडवल्याबद्दल मालकावर मूळ भरपाईच्या २५ टक्के, म्हणजे २,२१,६९३ रुपये दंड बसवला. दंड ५० टक्क्यांपर्यंत बसू शकतो. तो सरकारजमा होत नाही, कामगाराच्या हातात येतो. आणि तो विमा कंपनीला भरावा लागत नाही, मालकाच्याच खिशातून जातो. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

विमा कंपनीने १० ऑक्टोबरला पैसे भरले. अपघातापासून ४४ महिने, दरमहा ८,८६७.७० रुपये, एकूण व्याज ३,९०,१७९.

"करमुक्त आहे का?" हा प्रश्नच चुकीचा

बहुतेक लोक आणि दुर्दैवाने काही सल्लागारही, अशी रक्कम समोर आली की कलम १०, म्हणजे करमुक्त उत्पन्नांची यादी, उघडतात आणि तिच्यात शोधायला लागतात. तिथे भोपाळ वायुपीडितांची भरपाई सापडते. नैसर्गिक आपत्तीत सरकारने दिलेली भरपाई सापडते. कामगार कपातीची भरपाई सापडते, पाच लाखांच्या मर्यादेसह. आणि मग यातलंच एखादं कलम ओढून-ताणून लावलं जातं. सर्वांत जास्त गैरवापर कपातीच्या कलमाचा, १०(१०बी) चा होतो, कारण त्यात "कामगार" आणि "भरपाई" दोन्ही शब्द आहेत. पण ते नोकरी गेल्याबद्दल आहे, बोटं गेल्याबद्दल नाही.

अपघाताच्या भरपाईला करमुक्त ठरवणारं कलम त्या यादीत नाही आणि त्याची गरजही नाही. सूट द्यायची ती उत्पन्नाला. शरीराचा भाग गेला, कमावण्याची क्षमता कायमची घटली, त्याबदल्यात एकरकमी मिळालेला पैसा मुळात उत्पन्नच नाही, ती भांडवली जमा आहे. झाड तोडलं त्याची किंमत वेगळी आणि फळं विकली त्याचे पैसे वेगळे, हा फरक आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. भांडवली जमा कराच्या जाळ्यात आणायची तर कायद्यात तशी स्पष्ट तरतूद लागते. जमीन किंवा घर विकून झालेल्या नफ्यासाठी ती आहे. बोटांसाठी नाही.

मी वहिनींना एवढंच म्हणालो, "पासबुकात एक आकडा दिसतो, पण हे एक पैसे नाहीत. यात वेगवेगळे पैसे आहेत. प्रत्येकाला विचारायचं, तू कशाच्या बदल्यात आलास?"

मूळ ८,८६,७७० चं उत्तर सरळ होतं. कर नाही. तरी आयटीआरमध्ये, म्हणजे आयकर रिटर्नमध्ये, करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात ती रक्कम "भांडवली जमा, भरपाई आयुक्तांचा आदेश" अशा वर्णनासह दाखवली. जे उत्पन्नच नाही ते तिथे तरी कशाला, असा काटेकोर आक्षेप कुणी घेईल. माझा अनुभव असा की बँकेत अकरा-बारा लाख दिसत असतील तर आपणच आधी सांगितलेलं बरं.

जो दस्तऐवज सही झाला नाही

पिशवीत आणखी एक कागद होता, २०२२ मधला. शंभरच्या स्टॅम्पवर टाइप केलेला मसुदा: कामगार स्वेच्छेने राजीनामा देत आहे, मालक त्यास "नोकरी समाप्तीनिमित्त सर्व हक्कांपोटी फुल अँड फायनल" १२ लाख रुपये देत आहे, कामगाराने कोर्टातला अर्ज मागे घ्यावा. वहिनींनी सही करू दिली नव्हती. कारण कायद्याचं नव्हतं. "राजीनामा कशाला द्यायचा? बोटं यांनी नेली आणि नोकरीपण आपणच सोडायची?" एवढंच.

त्या कागदावर सही झाली असती तर काय झालं असतं, ते त्यांना मी कागदावर मांडून दाखवलं. कलम १७(३) म्हणतं की नोकरी संपताना किंवा तिच्या संदर्भात मालकाकडून मिळालेली भरपाई ही "पगाराऐवजीचा लाभ", म्हणजे पगारच. मसुद्यात अपघाताचा, बोटांचा, १९२३ च्या कायद्याचा उल्लेख नव्हता. मालकाच्या लेखापालाने त्यावर पगारासारखा टीडीएस कापला असता आणि कागदावर तो बरोबर ठरला असता. त्या वर्षी दुसरा पगार शून्य धरला तरी नुसत्या १२ लाखांवर जुन्या पद्धतीत १,६३,८०० रुपये, नव्या पद्धतीत १,१९,६०० रुपये कर. आपण भांडून तो परत मिळवता आला असता का? कदाचित. पण तेव्हा सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर, आणि हातात स्वतःच्या सहीचा उलटा कागद.

तडजोड करू नये असं मी म्हणत नाही. अनेकदा तडजोड शहाणपणाची असते. पण १९२३ च्या कायद्यात तिची वाट ठरलेली आहे: कलम २८ खाली करारनामा आयुक्तांकडे नोंदवायचा. हक्क सोडून देणारा परस्पर करार त्याच कायद्याच्या कलम १७ खाली तसाही रद्दबातल ठरतो. नोंदवलेल्या करारात अपघाताची तारीख, इजा, अनुसूचीतली टक्केवारी, आकडेमोड सगळं येतं. कामगार कायद्यासाठी केलेली ही नोंदणी आयकरासाठीही सर्वांत भक्कम पुरावा असते. आणि राजीनाम्याचे पैसे द्यायचेच असतील तर ते वेगळ्या कागदावर, वेगळ्या आकड्याने. एका वाक्यात दोन्ही गुंफले की कर सगळ्यावर बसतो.

चार महिन्यांचा पगार आणि हॉस्पिटलचं बिल

हे पटकन उरकतो. अपघातानंतर मालकाने चार महिने पूर्ण पगार दिला, दवाखान्याचं १,३८,००० चं बिल परस्पर भरलं. विमा कंपनीने कोर्टात म्हटलं, दिलेला ८८,००० पगार भरपाईतून वजा करा. पण पगारपत्रकात तो "पगार" म्हणून होता, त्यातून पीएफ कापला होता. भरपाईपोटी दिलेली रक्कमच वजा होऊ शकते, म्हणून ती मागणी फेटाळली गेली. तोच न्याय आयकरातही: तो पगार करपात्र. उत्पन्न इतकं कमी की कर शून्यच.

बिलाचं बघा. लेखापालाने ते फॉर्म १६ मध्ये, म्हणजे मालकाने द्यायच्या पगार आणि टीडीएसच्या दाखल्यात, पगाराखेरीजची सवलत म्हणून घातलं होतं. माझ्या मते चूक. कामाच्या ठिकाणी झालेल्या इजेच्या उपचाराचा खर्च १९२३ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मालकानेच द्यायचा असतो. जे देणं मुळात मालकाचंच आहे, ते भरून त्याने कामगाराला कसली सवलत दिली? पण त्या वर्षीही कर शून्य, मुदतही गेलेली. तो वाद मी सोडून दिला.

व्याज: या प्रकरणाचं खरं गाठोडं

कलम ५६(२) मध्ये २०१० पासून एक खंड आहे: भरपाईवर किंवा वाढीव भरपाईवर मिळालेलं व्याज हे "इतर स्रोतांतलं उत्पन्न". ज्या वर्षी हातात आलं त्या वर्षाचं, चव्वेचाळीस महिन्यांवर पसरलेलं असलं तरी. आणि कलम ५७ च्या चौथ्या खंडाने त्यातली सरसकट निम्मी रक्कम वजावट म्हणून मिळते, खर्चाचा पुरावा न मागता. ही तरतूद आणली गेली ती प्रामुख्याने भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे वाद मिटवायला. पुणे-नाशिक पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या रिटर्नमध्ये ती रोज भेटते. पण शब्द आहेत "कोणतीही भरपाई". बोटंही त्यात आली.

आली का खरंच? इथे मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१९ चा एक निकाल आहे. मोटार अपघातात लहानपणी जायबंदी झालेल्या माणसाचं प्रकरण. न्यायालयाने म्हटलं की दावा दाखल झाल्यापासून भरपाईचा आकडा ठरेपर्यंतचं व्याज हे भरपाईचाच भाग आहे. ते उत्पन्न नाही, त्यावर टीडीएसही नको. कराचं वर्ष कोणतं हे ठरवणाऱ्या तरतुदीमुळे जे उत्पन्न नाही ते उत्पन्न होत नाही. आकडा ठरल्यानंतर पैसे द्यायला उशीर झाला, तर त्या काळातलं व्याज मात्र करपात्र.

हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक. आमच्या प्रकरणाला तो लावला तर ३,९०,१७९ पैकी निवाड्याआधीच्या ४२ महिन्यांचे सुमारे ३ लाख ७२ हजार कराबाहेर आणि शेवटच्या दोन महिन्यांचे सुमारे १७,७०० करपात्र. मला हे मांडायला आवडलं असतं. पण मग मी समोरच्या बाजूने विचार करून पाहिला आणि थबकलो.

मोटार अपघातात न्यायाधिकरण आकडा ठरवेपर्यंत देणं किती हे कुणालाच माहीत नसतं. पैसा अजून "देय" झालेलाच नसतो, म्हणून तोवरचं व्याज म्हणजे उशिराबद्दल वाढवलेली भरपाईच, असं म्हणता येतं. कामगार भरपाईचं उलट आहे. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की ही भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, आयुक्तांच्या निवाड्याच्या दिवशी नाही. २०२२ मध्ये आपल्याकडच्याच, साप चावून दगावलेल्या एका ऊसतोड कामगाराच्या प्रकरणात त्या न्यायालयाने हे पुन्हा ठणकावलं आणि व्याज अपघाताच्या तारखेपासून दिलं. कामगारासाठी हा मोठा विजय. आमच्या पक्षकारांना ४४ महिन्यांचं व्याज मिळालं ते याच तत्त्वामुळे. पण आयकर अधिकारी हाच निकाल उचलून म्हणेल: पैसे पहिल्या दिवसापासून देय होते, आकडा कोष्टकातून निघत होता, म्हणजे हे देय रकमेवरच्या उशिराचं शुद्ध व्याज. मोटार अपघाताचा दाखला इथे चालत नाही.

कामगार न्यायालयात ज्या तत्त्वाने हातात पैसे पडले, तेच तत्त्व आयकरात अंगावर येतं. उलटा युक्तिवादही आहे. मालक आणि विमा कंपनी दोघंही जबाबदारीच नाकारत होते, टक्केवारीवर वाद होता, त्यामुळे निवाड्याआधी रक्कम ठरलेली नव्हती. तो मला पुरता दुबळा वाटत नाही. पण मला विचाराल तर मोटार अपघाताइतका भक्कमही वाटत नाही. मोठी रक्कम असेल, समजा एखाद्या अधिकारी पदावरच्या माणसाच्या वारसांना बऱ्याच वर्षांचं व्याज मिळालं असेल, तर मी तो जरूर लढवेन.

या प्रकरणात नाही. कारण हिशेब बघा. अपघातानंतर त्यांना स्टोअरमध्ये नोंदी ठेवायच्या कामावर घेतलं, पगार १६,०००. वर्षाचे १,९२,०००, त्यातून ५०,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १,४२,०००. व्याज निम्मं धरून १,९५,०९०. एकूण ३,३७,०९०. आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये नवी करपद्धत आपोआप लागू होती आणि सात लाखांपर्यंत कलम ८७ए च्या सवलतीने कर शून्य. निम्म्याची वजावट न घेता सगळं व्याज धरलं तरी ५,३२,१७९, कर शून्यच. ज्या मुद्द्यावर मी दोन संध्याकाळी निकाल वाचत बसलो, त्याने त्यांच्या खिशात एका रुपयाचाही फरक पडत नव्हता. तेव्हा साधी बाजू घेतली: पूर्ण व्याज दाखवायचं, निम्मं वजा करायचं, टीडीएस सगळा परत मागायचा.

कामगारांच्या बाबतीत बहुतेकदा हेच होतं. कर लागत नाही, पण टीडीएस कापला जातो आणि परत मागायला कुणी जात नाही. रिटर्नच भरू नका, या सल्ल्याची किंमत इथे ७८,०३६ रुपये होती.

७८ हजार का, ३९ हजार का नाही

व्याजावर टीडीएस कलम १९४ए खाली १० टक्के, म्हणजे ३९,०१८ व्हायला हवा होता. कापला दुप्पट. पॅन निष्क्रिय होतं. आधारशी न जोडलेली पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली आणि अशा पॅनवर कलम २०६एए प्रमाणे २० टक्के.

जोडायला गेलो तर जन्मतारीख जुळेना. आधारवर १ जानेवारी, आपल्याकडच्या निम्म्या गावाची असते तशी. आधार दुरुस्त करायचं तर ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या मोबाइलवर. मोबाइल बदलायचा तर केंद्रात जाऊन बोटांचे ठसे. उजव्या हाताचा अंगठा होता, डाव्याची बोटं होती, पण पंधरा वर्षं पत्रा हाताळून ती घासून गुळगुळीत. मशीन तीनदा नाही म्हणालं. शेवटी डोळ्याच्या बुबुळावर काम झालं. त्या केंद्रातली मुलगी शांतपणे म्हणाली, "एमआयडीसीतल्या लोकांचं नेहमीच असं होतं." मग हजार रुपये विलंब शुल्क, आणि जानेवारी २०२४ मध्ये पॅन पुन्हा सक्रिय.

मालकाचा दंड, लेखापालाची हुशारी

मार्च २०२४ मध्ये मालकाने २,२१,६९३ दिले, पण पगारपत्रकातून, "एक्स-ग्रेशिया", म्हणजे मालकाने राजीखुशीने दिलेली रक्कम, या नावाने. वहिनींना त्यात काही वावगं दिसलं नाही. पैसे आले ना? मला दिसलं, कारण त्यामागचं कारण कळत होतं. कायदा मोडल्याबद्दलचा दंड धंद्याचा खर्च म्हणून मान्य होत नाही, कलम ३७ च्या स्पष्टीकरणात तो अडकतो. पगार मात्र खर्च म्हणून मान्य होतो. दंडाला पगाराचा सदरा घातला की मालकाचा कर वाचतो आणि कामगाराच्या फॉर्म १६ मध्ये सव्वादोन लाखांचं नसलेलं उत्पन्न चढतं.

याही रकमेने कर लागला नसता, एकूण साडेपाच लाखांच्या आसपासच राहिलं असतं. तरी सोडलं नाही. त्यांच्या मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढायचा होता आणि तिथे फॉर्म १६ लावायचा होता. तलाठी भांडवली जमा वगैरे ऐकून घेत नाही, तो कागदावरचा आकडा बघतो. निवाड्याची प्रत जोडून मालकाला पत्र लिहिलं: ही रक्कम १९२३ च्या कायद्याच्या कलम ४ए खालचा दंड आहे, पगार नाही. फॉर्म १६ दुरुस्त करून द्यावा. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र वकिलांच्या नावाने गेलं, तेव्हा दुरुस्त फॉर्म आला. दंडाची रक्कमही माझ्या मते मूळ भरपाईच्याच मागे जाते. ती कामाचा मोबदला नाही आणि देय रकमेवरचं व्याजही नाही. मूळ रकमेच्या शेजारी, त्याच परिशिष्टात तिला बसवलं.

रिटर्न

जूनमध्ये आयटीआर-२ भरला. आयटीआर-१ चालत नाही, कारण कलम ५७ ची ही वजावट घेणाऱ्याला तो फॉर्म खुला नाही. निम्मी रक्कम थेट दाखवण्याची चूक बरेच जण करतात. मग विभागाकडच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये ३,९०,१७९ आणि रिटर्नमध्ये १,९५,०९०, अशी तफावत दिसून परतावा अडकतो. आधी पूर्ण दाखवून मग वजावट घ्यायची.

अपंगत्वाची ८०यू ची वजावट का घेतली नाही, असं त्यांच्या एका मित्राने विचारलं. एक तर ती नव्या पद्धतीत मिळत नाही. आणि दुसरं, निवाड्यातले ५० टक्के हे कमाईच्या क्षमतेतली घट आहेत. ८०यू ला सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावरचं किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. दोन टक्केवाऱ्यांचा एकमेकींशी संबंध नाही. प्रमाणपत्र मात्र काढून ठेवायला सांगितलं.

ऑगस्टमध्ये परतावा आला: ७८,०४० रुपये, आणि वर एप्रिलपासूनच्या पाच महिन्यांचं १,९५० व्याज. हे व्याज करपात्र असतं, पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, असं मी सांगितल्यावर ते पहिल्यांदा मोठ्याने हसले.

आलेल्या पैशांतले नऊ लाख त्यांनी मुदत ठेवीत टाकले. भरपाईला कर नाही म्हणून तिच्या व्याजालाही नाही असं नसतं. ते दरवर्षीचं साधं उत्पन्न. कर लागण्याइतकं नाही, म्हणून टीडीएस कापू नये असं सांगणारा १५जी फॉर्म बँकेत द्यायचा होता. तो पहिल्यांदा दिला तेव्हा बँकेने परत पाठवला. सही जुळत नव्हती. बँकेतला सहीचा नमुना २०११ चा होता, उजव्या हाताचा. आता ते डाव्या हाताने सही करतात. बँकेत नवा नमुना दिला, नव्या सहीचं पॅन कार्ड मागवलं, आणि तिसऱ्या खेपेला फॉर्म घेतला गेला.